कारंजा बाजूचं बटन

५ एप्रिल

मशीन आली, कंप्युटरच्या हुकमावर लोखंड कापणारी. हबीबचाचांनी ती लिलावात घेतली, नुसता फोटो पाहून. मशीन केवढी आहे ते फोटोत दिसलं, आपल्या वर्कशॉपचा दरवाजा केवढा आहे ते दिसलं नाही. तोंडाकडून ती आत जाईना. शेवटी लोखंडी पाइपांवर सरकवत आणि साखळीनं ओढत तिला पाठीकडून आत घातली. त्यात अख्खी दुपार गेली आणि मंगरूळपीरचे निम्मे लोक पाहायला जमले. आता ती मानोरा रोडकडे तोंड करून उभी आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाहते आहे.

चाचांच्या वर्कशॉपात पेरणीयंत्र, थ्रेशर, ट्रॉली, जे मोडेल ते दुरुस्त होतं. मी सहा वर्षं चाकणला अशाच मशीनवर होते. जानेवारीत कंत्राट संपलं, घरी आले. चाचा आणि बाबा जुने मित्र. चाचांनी विचारलं, "उकंडराव, तुमची पल्लवी ते कंप्युटरची मशीन चालवते ना?" बाबा म्हणाले, "चालवते म्हंजे? ते मशीन तिच्या धाकात राह्यते." बाबांनी अशी मशीन जन्मात पाहिलेली नाही.

चाचांचं म्हणणं स्पष्ट आहे. पेरणीच्या आधी या मशीनला एक मोठं काम लागलं तर ती राहील, नाहीतर विकून टाकायची. मशीन गेली की मीही गेले. चाकणचे साहेब फोन करतच आहेत, एक तारखेपर्यंत सांग म्हणून. मला चाकणला जायचं नाही, पण घरी बसून आईबाबांचं खायचंही नाही. हे फक्त इथं लिहिते.

७ एप्रिल

दिवसभर लाइट नाही. मशीन पुसली. बाबा सहज आले होते.

९ एप्रिल

आज शिकवणी घेतली. विद्यार्थी दोन, चाचा आणि त्यांची मुलगी नमरा. नमरा लॅपटॉपवर ड्रॉइंग काढणार आहे. तिला पटकन कळतं आणि कळलं की ती तोंडावर सांगते. बाबाही सहज आले होते. गावाहून रोज काळीपिवळी जीपमध्ये बसून सहज येणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहते आहे.

उजव्या हाताची तीन बोटं धरून दाखवली. अंगठा म्हणजे एक्स, डावी-उजवी चाल. पहिलं बोट वाय, पुढे-मागे. मधलं बोट झेड, वर-खाली. मशीनला एवढ्याच तीन चाली येतात, या तीन अक्षांत जे बसेल ते काम होईल. चाचा मागच्या बाजूला वायरी बघत बसले होते. मी म्हटलं, "चाचा, उजवीकडे." ते भलतीकडे गेले.

"कोनाच्या उजवीकडे?" चाचा म्हणाले. "तुह्या, माह्या का मशीनच्या? काम करनाऱ्यानं जागा बदलली का उजवं बदलते. हे काय बोलनं झालं?"

बाबांनी लगेच मान हलवली. आमच्याकडे वावरात डावं-उजवं कोणी म्हणतच नाही, उगवतीकडे नाहीतर मावळतीकडे म्हणतात. चाचांनी खडू घेतला आणि मशीनच्या चारी बाजूंना गावं लिहून टाकली. उजवीकडे कारंजा, डावीकडे वाशिम, पुढ्यात मानोरा, पलीकडे अकोला. मला राग आला, पण खरं सांगायचं तर मशीन अगदी त्या चार रस्त्यांवर बेतल्यासारखी उभी आहे. तरी चाकणच्या साहेबांनी हे पाहिलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

"अन् वर-खाली?" बाबांनी विचारलं.

"वर म्हंजे वर. त्याले गाव कायले लागते?" चाचा म्हणाले.

११ एप्रिल

चाचा आज मशीनवर चिडले. मी कारंजा बाजूचं बटन दाबलं आणि माल बांधायचं टेबल वाशिमकडे निघालं.

"हे मशीन खोटी हाय," चाचा म्हणाले. "सांगा काय, करते काय."

मी समजावलं. चाकूनं कांदा कापताना चाकू फिरतो. विळीवर कापताना विळी जागेवर असते, भाजी फिरते. आपल्या मशीनचा कटर म्हणजे विळी. तो वर-खाली होतो, पण कारंजा-वाशिम आणि मानोरा-अकोला या दोन्ही चाली टेबल करतं. प्रोग्राम मात्र चाकू फिरतो असं धरूनच लिहायचा, सगळ्या जगात तसाच लिहितात. कटरला कारंज्याकडे जायचं असलं की टेबल वाशिमकडे सरकतं.

चाचांनी टेबलाकडे पाहिलं, मग खडूच्या कारंज्याकडे. "म्हंजे आपल्याले जायचं कारंज्याले, अन् हे बाई कारंजंच उचलून इकडे आनते."

"एस्टीचं तिकीट वाचलं," बाबा म्हणाले आणि ठसका लागेपर्यंत हसले.

खडूची गावं कटरच्या हिशोबानं लिहिलेली आहेत. टेबलाची दिशा वेगळी लिहू का, असं नमरानं विचारलं. मी म्हटलं, एकदा सांगितलं ना, कळलं सगळ्यांना. उगाच भिंत कशाला रंगवायची.

१४ एप्रिल

आज मशीन बंद. सकाळी विहारात, संध्याकाळी मिरवणूक. चाचांनी दरवर्षीसारखं सरबत वाटलं. बाबा निळा फेटा बांधून चौकात चार-पाच जणांना तीन बोटं ताठ करून काहीतरी सांगत होते. मी जवळ गेले तशी बोटं मिटली. आमच्या तीन एकरांचं चाललं असावं. पाऊस जवळ आला की बाबांना दुसरं काही सुचत नाही.

१७ एप्रिल

गिऱ्हाईक आलं. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे गुलाबसिंग. ते पेरणीयंत्रं जुळवून विकतात. त्यांना बियाण्याच्या चकत्या हव्या आहेत. चकतीच्या कडेला खाचा असतात, चकती फिरली की एकेका खाचेत एकेक दाणा बसतो आणि खाली पडतो. त्यांनी आणलेल्या नमुन्यात खाचा सरळ नव्हत्या, तिरप्या होत्या.

"सरळ खाचेत तुरीचा दाना फुटते, ताई," ते म्हणाले. "तिरपी असन त सुटते. जमन का?"

मी तोंड उघडायच्या आत चाचा म्हणाले, "जमन."

ते चहा प्यायला बाहेर गेल्यावर मी चाचांना धरलं. कटर सरळ वरून खाली येतो, त्याला मान वाकवता येत नाही. मान वाकवणारी, माल गोल फिरवणारी मशीन पाच अक्षांची असते. चाकणला तशी एकच होती आणि तिला एसीची वेगळी खोली होती.

"हिले पंखा लावू," चाचा म्हणाले.

"चाचा, पंख्यानं अक्ष वाढत नाहीत."

"मी हो म्हनून बसलो न व आता. गुलाबसिंग एक तारखेले नमुना पाहाले येते. जमलं त साऱ्या यंत्राच्या चकत्या आपल्याकडे, नाही जमलं त तो बाहेरून आनन."

आणि मग मशीन विकायची, हे ते बोलले नाहीत. मीच बोलले.

घरी जेवताना बाबांना सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "चाकणले जाय न मंग. तिथं सगळ्या मशिनी हायेत. इथं काय हाय?" हे ते रोजच म्हणतात. मुलगी फार दिवस घरात राहिली की बापालाही जड होते, असं दिसतं. मी भाकरी अर्धी टाकून उठले. आईनं बाबांकडे पाहिलं, मग ती अर्धी भाकरी स्वतःच्या ताटात घेतली.

१९ एप्रिल

जमेल. बहुतेक जमेल.

सकाळी आई विळीवर काकडी चिरत होती. गोल चकत्या करत होती, मध्येच तिनं काकडी जरा कलती धरली आणि लांबट तिरपे काप पडायला लागले. मी म्हटलं, "आई, पुन्हा कर." आई म्हणाली, "काकडी चिरतांना कोनाले पाह्यलं नाही काय तू?" पण केलं. विळी जशीच्या तशी. वाकला तो आईचा हात. मीच चाचांना विळी शिकवली होती आणि निम्मीच शिकवली होती.

कटरला मान वाकवता येत नसेल तर चकती वाकवायची. टेबलावर एक तिरपा ठोकळा बसवायचा आणि त्यावर चकती. एक खाच पाडली की थांबायचं, चकती हातानं एक घर फिरवायची, हलू नये म्हणून भोकात खुंटी घालायची, पुन्हा खाच. मशीनला तीनच अक्ष आहेत, उरलेल्या दोघांचं काम आमच्या हातांनी करायचं.

पळत वर्कशॉपला गेले. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "परवापासून मी हेच त सांगून राह्यलो." ते पंखा सांगत होते. पण आज मी भांडले नाही. ठोकळा ते स्वतः घासून देणार आहेत.

२२ एप्रिल

आज मी कोणाशी बोलणार नाही.

ठोकळा तयार झाला, टेबलावर बसवला, दिशा तपासून घेतल्या. कटर त्याच्या शेजारी खाली आणून ठेवला आणि अकोल्याला चकत्यांचा कच्चा माल आणायला गेले. परत आले तर कटरचे दोन तुकडे. ठोकळ्याला खोल चरा. चाचा मशीनपुढे पहारेकऱ्यासारखे उभे. नमरा लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेली आणि लॅपटॉप बंद.

"मी दाबलं," चाचा म्हणाले. "ठोकळा जरा दूर सरकवाचा होता, कारंज्याकडे. म्हून कारंज्याचं बटन दाबलं. ते वाशिमले निंगालं, कटरवर. म्हून मंग कारंज्याचंच अजून जोरानं दाबलं."

मी फार बोलले. विळी काढली, काकडी काढली, साठीची अक्कल काढली. चाचा खाली मान घालून ऐकत होते. "चुकलं, बेटा," म्हणाले. हा माणूस वार चुकला तरी कॅलेंडर चुकीचं आहे म्हणणारा. आज लगेच चुकलं म्हणाला. वय झालं, दुसरं काय.

बाबा बाहेर पाण्याच्या टाकीपाशी उभे होते. त्यांना म्हटलं, "पाहिलं का तुमच्या मित्रानं काय केलं?" त्यांनी टाकीचं झाकण नीट केलं. कपाळ घामानं भिजलं होतं. या उन्हात रोज कशाला येतात कोण जाणे.

२३ एप्रिल

रागात काल एक लिहायचं राहिलं. तसला कटर अकोल्यात आता मिळतो की नाही हेही माहीत नाही. एक तारीख तोंडावर आली आहे. रात्री मी चाकणला जायच्या बॅगेत काय काय भरायचं याचा विचार करत पडले होते. मग लक्षात आलं की मी रडते आहे.

बाबांनी आज पहाटेच चाचांच्या घरी टोपलंभर कैऱ्या नेऊन दिल्या. मोडतोड चाचांनी करायची आणि लोणच्याची सोय त्यांचीच. मी आईला म्हटलं, याला काय म्हणावं? आई म्हणाली, "दोस्ती म्हनाव." आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

२४ एप्रिल

कटर मिळाला. बाबांनी आणला. कोणी सांगितलं नसताना सकाळच्या बसनं अकोल्याला गेले. मोडक्या कटरचे तुकडे रुमालात बांधून घेतले आणि दुकानं पालथी घालत हिंडले. संध्याकाळी परत आले तेव्हा ओठ सुकून पांढरे झाले होते. कटर अगदी बरोबर आणला. मी विचारलं, "बाबा, एवढ्या उन्हात तुम्ही कशाला?" ते म्हणाले, "काम होतं." अकोल्यात काय काम होतं ते सांगितलं नाही.

नमरानं टेबलाच्या कडेला मोठे बाण काढून खाली लिहिलं, टेबल उलटं चालते. हे आधीच लिहायला पाहिजे होतं, असंही ती म्हणाली. ती जरा जास्तच बोलते. पण बरोबर बोलते, हे इथं लिहायला हरकत नाही.

बाबा आता वर्कशॉपात आले की दाराशी बसतात, हात पाठीमागे बांधून. परवापर्यंत मशीनला नाक लावून उभे असायचे. कंटाळले बहुतेक.

२८ एप्रिल

पहिली चकती बिघडली. खुंट्यांची भोकं मी मोजून मारली होती, तरी शेवटची खाच जाऊन पहिल्या खाचेत शिरली. चाचा म्हणाले, "जोडीनं राह्यतीन बिचाऱ्या." मला हसू आलं नाही. आता लिहिताना येतं आहे.

ठोकळ्यावरची भोकं पुन्हा मारली. दुसरी चकती बरी झाली. तिसरी मी हातातून खाली ठेवली नाही, घरी घेऊन आले. आईनं ती कानातल्यासारखी कानाला लावून पाहिली.

३० एप्रिल

चाकणचे साहेब म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत हो का नाही ते सांग, नंतर जागा नाही. मी बरं म्हटलं.

बाबा बाजेवर पडले होते. जागे होते. "तिथली मशीन यापेक्षा मोठी असते काय व?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "अन् तिथं कोनी गाव लेहून ठेवत नसन तिच्यावर." मी नाही म्हटलं. "जाय मंग," म्हणाले आणि कुशीवर वळले.

मला वाईट वाटलं. एकदा तरी राहा म्हणायला काय जातं या माणसाचं?

१ मे

सगळं नीट लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

गुलाबसिंग सकाळी आले ते पेरणीयंत्राचा डबाच घेऊन आले. आमची चकती त्यात बसवली, वरून तूर ओतली आणि हातानं फिरवायला लागले. खाली त्यांनी आपला गमछा अंथरला होता. दाणा पडला. मग दुसरा. एकेक दाणा, सुटा, अख्खा. ते खाली बसले, दाणे उचलून एकेक डोळ्यापाशी नेऊन पाहिले. मी गमछ्यावरचे दाणे मोजत होते, दुसऱ्यांदा.

"चाचा," शेवटी ते म्हणाले, "पेरनीच्या आंधी साऱ्या यंत्राच्या होतीन काय?"

चाचा म्हणाले नाहीत जमन म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शहाणे झाले आहेत. मी म्हटलं, होतील.

बाहेर जाऊन चाकणला फोन लावला आणि येत नाही म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, नीट विचार केलास का? मी म्हटलं, केला. विचार वगैरे काही केला नव्हता. फोन ठेवल्यावर टाकीपाशी थोडा वेळ उभी राहिले. फार बरं वाटत होतं.

आत येऊन पहिली चकती ठोकळ्यावर लावली. म्हटलं, सुरुवात बाबांच्या हातानं करू. "बाबा, या, हे हिरवं बटन दाबा." बाबा दारातून उठेनात. हात आणखी मागे घेतले.

"नोको. माह्या हातानं नोको."

"दाबा, उकंडराव," चाचा म्हणाले. "या वक्ती काही होत नाही."

मी म्हटलं, या वक्ती म्हणजे? नमराला एकदम खोकला आला आणि ती बाहेर पळाली. चाचा पंख्याकडे बघायला लागले.

बाबा आले. धोतराला हात पुसला, दोनदा पुसला, आणि बटन दाबलं. टेबल सरकलं. गुलाबसिंग दचकून मागे झाले, तर बाबांनी त्यांना दंडाला धरलं. "घाबराचं नाही. कटरले कारंज्याले जायचं असन त टेबल वाशिमले जाते. उलटं चाललं म्हून आपुन अजून जोरानं दाबाले जाऊ नाही. हात काढून घ्याचा, बस. हात काढला का मोडत नाही."

मी थक्क झाले. इतकं नेमकं चाचांनासुद्धा सांगता आलं नसतं. शिकवणीच्या वेळी मला वाटायचं बाबांचं लक्ष नाही. मी शिकवते चांगलं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

संध्याकाळी बाबा माझ्या स्कूटीवर मागे बसून घरी आले. गावाच्या अलीकडे मी विचारलंच. "बाबा, तुम्ही रोज जा जा म्हणत होतात. आता मी राहिले तर राग आला का?"

मला वाटलं, वाऱ्यात ऐकू गेलं नाही.

"मी राह्य म्हनलं अस्तं," बाबा म्हणाले, "त तू माह्यासाठी राह्यली अस्ती. तुह्या आईसाठी राह्यली अस्ती. तसं नोको होतं मले. पोरीनं मायबापासाठी आपलं काम सोडून बसाव काय? म्हून जाय म्हनो. अन् मंग तू जाशीन म्हून झोप लागे ना." मग म्हणाले, "आता तू त्या मशीनसाठी राह्यली. हे बरं झालं. आता मले काही म्हनाचं नाही."

मला पुढचा रस्ता दिसेना. स्कूटी बाजूला घेतली. बाबांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं डोळ्यात कचरा गेला.

मी मशीनसाठी राहिले नाही. पण हे त्यांना सांगायचं नाही. सांगितलं तर उद्या सकाळपासून ते पुन्हा जा म्हणायला लागतील.